बद्रीनाथ ढवळ्यांनी पकडलेला माणूस

बद्रीनाथ ढवळ्यांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं त्यांचा मित्र गेनबा अख्ख्या खडकी बाजाराला सांगत असे. ते ऐकताना बद्रीनाथ मान खाली घालून शेंगदाणे सोलत बसत. पण ‘छे, छे’ म्हणत नसत.

ते मूळचे वाशीमकडचे. तरुणपणी दारूगोळा कारखान्यात लेथवर लागले, क्वार्टर मिळालं, लग्न झालं, तनुजा झाली. निवृत्तीनंतर गावी परत जायचं म्हणत म्हणत कारखान्याच्या जवळच दोन खोल्या घेऊन राहिले. व्यसन असं काही नव्हतं. आठवड्यातून एकदा गेनबाबरोबर स्टेशनाजवळच्या परमिट रूममध्ये बसायचं, एक बिअर दोघांत घ्यायची आणि शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाशी पैज लावायची, एवढाच काय तो षौक. पैज पैशांची कधीच नाही. मसाला पापडाची, फार तर उकडलेल्या अंड्यांची.

“साहेब, या ग्लासाची उंची जास्त की घेर?” ते विचारत.

“उंची. दिसतंयच की.”

बद्रीनाथ ग्लासाखाली आपला मोबाइल ठेवत. “आता?”

“आता तर उंचीच!”

मग मोबाइलवर काडेपेटी, काडेपेटीवर ग्लास. समोरचा हसायला लागे. मग ते वेटरकडून जुन्या पेपरची एक पट्टी मागून घेत, ती ग्लासाभोवती गुंडाळत, जिथे टोक येईल तिथे फाडत आणि उभी धरून दाखवत. पट्टी ग्लासाच्या वर चांगली चार बोटं जाई. पापड आला की पहिला तुकडा हरलेल्या माणसाला देऊन ते म्हणत, “पैज लावणाऱ्याने उत्तर आधीच मोजलेलं असतं. आपण नुसतं बघून बोलतो.”

हीच त्यांची सगळी विद्या. फूटपाथवर तीन पत्त्यांचा डाव मांडून ‘राणी कुठंय सांगा’ म्हणणाऱ्यांना त्यांनी तरुणपणी तासन् तास बघितलं होतं. तिथे जो पहिल्यांदा जिंकतो, तो त्यांच्यातलाच असतो, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. पुढे ज्येष्ठ नागरिक संघात ते यावर बोलायला लागले. ओटीपी मागणारे, पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणून व्हिडिओ कॉलवर अटक करणारे, पुढे खून झालाय म्हणून दागिने काढायला लावणारे नकली पोलीस, सगळे त्यांच्या भाषणात येत. “आपली वस्तू कोणाच्याही हातात द्यायची नाही. ब्रह्मदेव आला तरी नाही,” असं म्हणून ते शेवट करत. टाळ्या पडत. पहिल्या रांगेत त्यांची बायको सुशीलाबाई बसलेल्या असत. त्यांना ते भाषण इतकं पाठ होतं, की ‘ब्रह्मदेव’ आला की त्या चपला पायात सरकवत.

सुशीलाबाई कमी बोलणाऱ्या. क्वार्टरमध्ये असल्यापासून त्यांनी साड्यांना फॉल-पिको करून दिले. अख्ख्या कॉलनीच्या लग्नांतल्या साड्या त्यांच्या मशीनखालून गेल्या होत्या. त्या मेहनतीतून त्यांनी स्वतःसाठी एकच गोष्ट केली, दोन पाटल्या. तनुजाच्या लग्नात मोडायची वेळ आली होती, तर तनुजाच म्हणाली, “आई, त्या नाही.” वर्षं गेली तसे हात भरले आणि पाटल्या मनगटावर जणू उगवल्यासारख्या झाल्या. भांडी घासताना, पोळ्या लाटताना, झोपेत, त्या हातातच.

जानेवारीतली गोष्ट. सुशीलाबाईंच्या भावाच्या मुलीचा, पूर्णिमाचा, साखरपुडा नारायण पेठेत होता. दोघं सकाळी बसने आले आणि हॉलकडे जाणाऱ्या गल्लीत वळले. ऊन कोवळं होतं, दुकानं नुकती उघडत होती. पुढे एक साध्या कपड्यांतला, चाळिशीचा, गुळगुळीत दाढी केलेला माणूस मोटारसायकलजवळ उभा राहून एका तरुणाला झापत होता. गळ्यात ओळखपत्र लोंबत होतं.

“एवढी जाड चेन घालून फिरता? काल याच गल्लीत एका आजींना लुटलंय. काढा आधी.”

तो तरुण ‘सॉरी सर, सॉरी सर’ म्हणत चेन काढून रुमालात बांधून खिशात टाकून निघूनही गेला. मग तो माणूस यांच्याकडे वळला. आवाज एकदम मऊ.

“काका, एक मिनिट. नकली पोलीस फिरतायत इथे. दागिने आमच्याकडे द्या म्हणतात आणि पसार होतात. तुम्ही पेपरात वाचलं असेल.”

“वाचलंय काय! मी भाषणं देतो त्यावर,” बद्रीनाथ म्हणाले.

“काय सांगता? आपलं नाव?”

“बद्रीनाथ ढवळे. खडकीला असतो. फॅक्टरीत होतो, दारूगोळ्याच्या.”

“मग आपल्याला मी काय सांगणार, सर? आपल्यासारखी चार माणसं प्रत्येक पेठेत असती ना, तर आमचं निम्मं काम झालं असतं.” त्याने सुशीलाबाईंच्या हातांकडे ओझरतं पाहिलं. “एकच विनंती. काकूंच्या पाटल्या लांबूनही दिसतायत. हॉलपर्यंत काढून ठेवा. पण कोणाच्या हातात देऊ नका. माझ्यासुद्धा नाही. आपण स्वतः रुमालात बांधा, स्वतः पिशवीत ठेवा.”

कोणाच्या हातात देऊ नका. बद्रीनाथांचंच वाक्य, आणि तेही एका अधिकाऱ्याच्या तोंडून. त्यांची छाती नकळत पुढे आली.

“अहो, हॉल तर समोरच आहे,” सुशीलाबाई हळूच म्हणाल्या. “तिथे जाऊन काढते ना.”

“साहेब काय सांगतायत? काढ.”

“निघत नाहीत हो त्या.”

“तू गप्प बस जरा. काढ म्हटलं ना!”

गल्लीत, परक्या माणसासमोर, एवढ्या मोठ्याने ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते. सुशीलाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि हात पुढे केला. त्या माणसाने खिशातून पातळ प्लास्टिकची पिशवी काढून दिली. “हिच्यावरून सरकवा, सर. कासार असंच करतात. सुशीलाकाकू, हात सैल सोडा.” बायकोचं नाव बद्रीनाथांनीच मघाशी बोलण्याच्या ओघात सांगून टाकलं होतं. पाटल्या त्यांनीच ओढल्या. दुसरी निघताना सुशीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मनगटावर दोन पांढरे पट्टे राहिले, त्यांच्या कडा लाल झालेल्या.

त्यानेच पुढे केलेल्या कोऱ्या रुमालात पाटल्या ठेवून बद्रीनाथांनी गाठ मारली.

“ही सैल आहे, सर. गर्दीत सुटेल,” तो म्हणाला, पुरचुंडी हातात घेऊन त्याने गाठ करकचून आवळली आणि सुशीलाबाईंच्या पिशवीत खाली, नारळाशेजारी ठेवली. मग टाचा जुळवून कडक सलाम केला. बद्रीनाथांनीही केला.

हॉलमध्ये पूर्णिमाच्या खोलीत बायकांची गर्दी होती. सुशीलाबाईंनी पाटल्या घालायला रुमाल सोडला. आत दोन पितळी कडी होती आणि वजनाला कागदात गुंडाळलेला दगड. सुशीलाबाई ओरडल्या नाहीत. पुरचुंडी परत बांधून त्या बाहेर आल्या आणि पुरुषांच्या रांगेत बसलेल्या नवऱ्याला खुणेने बोलावून त्यांनी ती त्यांच्या हातात दिली. आत सनई लागली होती. बद्रीनाथांना आधी कळेचना, की ही हे आपल्याला का दाखवतेय.

चौकीत तक्रार लिहून घेतली. दोन दिवसांनी हवालदाराने बोलावून एका दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. मोटारसायकलचा नंबर खोटा निघाला होता. त्या माणसाची पाठच होती सगळीकडे. स्पष्ट दिसत होते ते बद्रीनाथ. बायकोचं मनगट धरून पाटली ओढताना.

“काका, काढताय तुम्ही, बांधताय तुम्ही,” हवालदार पडद्याकडे बघत म्हणाला. “चोराचं काम एवढंच. गाठ घट्ट करून देण्यापुरतं.” मग त्यालाच वाईट वाटलं असावं. त्याने चहा मागवला.

घरी त्या दिवसापासून पाटल्यांचा विषय निघाला नाही. सुशीलाबाईंनी काचेच्या बांगड्या भरल्या आणि पूर्वीसारखा स्वयंपाक केला, पूर्वीसारखी हाक मारली. तनुजा हडपसरहून येऊन म्हणाली, “बाबा, इट्स ओके. आमच्या ऑफिसमध्ये मॅनेजर लोक फसलेत. मी आईला दुसऱ्या करून देते.” सुशीलाबाई म्हणाल्या, “नको गं. आता हात मोकळे बरे वाटतात.” बद्रीनाथ खिडकीपाशी उभे होते. बायकोने एकदा तोंड भरून शिव्या दिल्या असत्या, तर ते तिच्या पायाशी बसले असते. पण ती संधीच मिळत नव्हती, आणि आपण होऊन बोलायला जीभ उचलत नव्हती.

परमिट रूममध्ये ते एकदाच गेले. शेजारच्या टेबलावर कोणीतरी नवीन माणूस होता, रिकामा ग्लास पुढ्यात होता, आणि गेनबा मुद्दाम भलतीकडे बघत होता. बिअर अर्धी टाकून बद्रीनाथ उठले. संघाच्या चिटणीस सुनीतीताई उन्हाळ्याआधीच्या कार्यक्रमाचं विचारायला आल्या, तेव्हा घसा बसलाय म्हणून सांगितलं.

रात्रंदिवस एकच गोष्ट ते उलटसुलट करून बघत. पहिला चेन काढणारा तरुण. पहिला जिंकतो तो त्यांचाच असतो, हे आयुष्यभर सांगत आलो, आणि तो डोळ्यांसमोर चेन काढून गेला, तेव्हा आपण काय बघत होतो? उत्तर येई, आणि ते फार लाजिरवाणं होतं. ते ‘सर’ ऐकत होते.

एप्रिलमध्ये दोघं तनुजाकडे हडपसरला राहायला गेले. एका सकाळी बद्रीनाथ भाजी आणायला मंडईत गेले. गवार, दोडकी, कोथिंबीर घेतली. ऊन चढलं होतं. कोपऱ्यावरच्या रसवंतीत चरकाचे घुंगरू वाजत होते. त्या आवाजातून एक आवाज आला, “दादा, आलं जरा जास्त घाला,” आणि बद्रीनाथांचे पाय जागीच थांबले.

तोच होता. तसाच गुळगुळीत दाढी केलेला चेहरा. प्लास्टिकच्या खुर्चीवर आरामात पाय पसरून बसलेला.

आपण काय करतोय हे कळायच्या आत बद्रीनाथ आत शिरले आणि त्यांनी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. भाजीची पिशवी खाली पडली.

“चोर! चोर आहे हा! पोलिसांना बोलवा! माझ्या बायकोच्या पाटल्या नेल्या याने!”

माणसं उठली. चरक थांबला. रस्त्यावरचे चारसहा जण आत आले. त्या माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. बद्रीनाथांनी ते पाहिलं. पहिल्यांदाच तो माणूस त्यांना घाबरलेला दिसला. मग ते काहीतरी विरून गेलं आणि तिथे काळजी उमटली.

“काका?” तो म्हणाला. “बद्रीनाथकाका! अहो, इकडे कुठे आलात एवढ्या उन्हात?”

बद्रीनाथ थिजले. याला नाव आठवतंय.

“ओळखता का तुम्ही यांना?” गर्दीतल्या एका बाईने विचारलं.

“म्हणजे काय, आमच्या ओळखीतले आहेत. खडकीला असतात. दारूगोळ्याच्या फॅक्टरीतनं रिटायर झाले.” त्याने आवाज खाली आणला. “त्यांच्या घरी चोरी झाली होती हो. तेव्हापासून असं होतं मधूनमधून. कोणालाही धरतात. गोळ्या चुकल्या वाटतं आज.”

“खोटं बोलतोय! साफ खोटं!”

“काका, तुम्ही खडकीचे का?” त्या बाईने मायेने विचारलं.

“हो, पण...”

“फॅक्टरीत होतात?”

“होतो हो, पण हा माणूस...”

“सुशीलाकाकू कुठायत?” त्याने मध्येच विचारलं. “एकट्याला कसं सोडलं त्यांनी?”

“तिचं नाव घेऊ नकोस!” बद्रीनाथ ओरडले.

“म्हणजे नाव बरोबर आहे,” मागून कोणीतरी म्हणालं. “घरचाच दिसतोय माणूस.”

हो म्हणावं तरी तेच, नाही म्हणावं तर खोटं. बद्रीनाथांनी तोंड उघडलं की त्यातून खरंच बाहेर येत होतं, आणि प्रत्येक खरं त्या माणसाच्या बाजूने जाऊन उभं राहत होतं. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. नारायण पेठ, साखरपुडा, चेन, रुमाल, दगड. पण शब्द एकावर एक पडले, मधूनच हुंदका आला, आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं, की आपण वेड्यासारखे बोलतोय.

एका पोराने मोबाइल वर धरला. तेवढ्यात तो माणूस त्याच्यावर कडाडला, “बंद कर रे ते! म्हाताऱ्या माणसाचा व्हिडिओ काढतोस? तुझे आजोबा असते तर?” पोरगा ओशाळला. माणसांनी माना हलवल्या. बरोबर आहे, आजकाल कोणाला काही राहिलंच नाही.

कोणीतरी बद्रीनाथांची बोटं एकेक करून सोडवली. हळुवारपणे, लहान मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तशी. त्यांना खुर्चीवर बसवलं, पडलेली भाजीची पिशवी हातात दिली. तो माणूस स्वतः बाहेर जाऊन रिक्षा घेऊन आला, दंडाला धरून त्याने त्यांना आत बसवलं आणि ड्रायव्हरच्या हातात नोट ठेवली. “खडकी बाजार. नीट न्या हं. वाटेत उतरू देऊ नका.” मग आत वाकून, अगदी कानाशी, तो म्हणाला, “काळजी घ्या, सर.”

रिक्षा सुटली. बद्रीनाथ म्हणाले, “चौकीवर घे.” ड्रायव्हर म्हणाला, “घेतो ना, काका. तिकडूनच जातो आपण.” ते चार वेळा म्हणाले, तो चारही वेळा ‘घेतो ना’ म्हणाला. सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा ते उतरले आणि गाड्यांमधून वाट काढत, धापा टाकत मागे आले.

रसवंतीत तीन कॉलेजची पोरं बसली होती. तो अर्थातच नव्हता.

“कुठे गेला?” त्यांनी मालकाला विचारलं.

“ते? गेले लगेच. रोजचे नाहीत आपल्याकडचे.” मालक त्यांना निरखत होता. “तुमच्यासाठी रस सांगून गेलेत. पैसेपण दिलेत. बसा, काका. देऊ?”

बद्रीनाथांना चक्कर येत होती, तोंडाला कोरड पडली होती. ते बसले. ग्लास पुढ्यात आला. त्यांनी नको म्हणायचं ठरवलं होतं. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, आणि प्यायले. सगळा प्यायले. आलं जास्त होतं.

घरी येऊन त्यांनी सुशीलाबाईंना सगळं सांगितलं, रसाचंसुद्धा. तनुजा ऑफिसला गेली होती. सुशीलाबाईंनी पाणी दिलं, त्यांचे पाय धुतले, पंखा मोठा केला. मग समोर बसून पिशवीतली चेंगरलेली गवार मोडायला घेतली.

“तुला तरी पटतंय ना, तोच होता?” बद्रीनाथांनी विचारलं.

“पटतंय की. मला तर तेव्हाच कळलं होतं.”

“काय?”

“त्या पोराने चेन काढली ना, ती फासा न उघडता. नुसती ओढली आणि हातात आली. सोन्याची चेन अशी निघते का? मागे हात नेऊन फासा उघडावा लागतो.” त्या शेंगेच्या शिरा काढत होत्या. “खोटी होती ती. मला दिसलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“हॉलमध्ये जाऊन काढते म्हटलं की. तुम्ही गप्प बस म्हणालात.”

त्यात राग नव्हता. पंखा खडखडत होता. बद्रीनाथांना काहीतरी म्हणायचं होतं, गेले तीन महिने म्हणायचं होतं. ते म्हणायला आता कधी नव्हे इतकी चांगली वेळ होती. त्यांनी हात पुढे केला आणि समोरची मूठभर गवार उचलून मोडायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी दोघं नारायण पेठेतल्या त्याच चौकीत गेले. हवालदार तोच होता. त्याने हडपसरची हकिगत शांतपणे ऐकून घेतली, जागा विचारली, कपड्यांचा रंग विचारला. मग पेन थांबवून वर पाहिलं.

“काका, एक कळत नाही. तुम्ही त्याचा हात धरला होता ना? भर बाजारात, एवढ्या माणसांत?”

“हो.”

“मग तो सुटला कसा?”

बद्रीनाथांनी तोंड उघडलं. ती बाई आठवली, तो ओशाळलेला पोरगा, बोटं सोडवणारे ते हळुवार हात, ती रिक्षा. यातलं काय आधी सांगायचं? सांगून पटणार कोणाला? हवालदार वाट बघत होता, आणि बाकावर बसलेली दोन माणसंही आता त्यांच्याकडेच बघायला लागली होती.

“सत्तरीचा हात आहे, साहेब,” सुशीलाबाई म्हणाल्या. “सुटला. लिहा तसं.”

हवालदाराने तसं लिहिलं.